वीस वर्षांच्या पोरानं १८०५ मध्ये पाण्याचं कोडं सोडवलं, आज त्याचं नाव स्फटिकांमध्ये घुमतंय

शाळेत तुम्ही हा प्रयोग बघितला असणार.

पाणी भरलेलं भांडं, त्यात सोडलेल्या दोन तारा आणि तारांना जोडलेली बॅटरी. थोड्या वेळात दोन्ही तारांवर बुडबुडे यायला लागतात. एका तारेवर हायड्रोजन, दुसरीवर ऑक्सिजन. सर म्हणाले, पाण्याचं विघटन झालं. आपण वहीत आकृती काढली, बाण मारून नावं दिली आणि विषय संपवला.

पण त्या आकृतीत एक मोठी गोची आहे.

पाण्याचा एक कण फुटला, तर त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच जागी बाहेर पडायला पाहिजेत. मग हायड्रोजन या तारेपाशी आणि ऑक्सिजन वीतभर लांब असलेल्या त्या तारेपाशी कसा निघतो? कण इथे फुटला असेल तर त्यातला ऑक्सिजन मधलं सगळं पाणी पार करून तिकडे गेला कधी? बरं, मधल्या पाण्यात बघावं तर काहीच घडताना दिसत नाही. एक बुडबुडा नाही, हालचाल नाही.

सन १८०० नंतरची काही वर्षं युरोपातली मोठमोठी डोकी या प्रश्नावर अडून बसली होती. आणि याचं सगळ्यात भारी उत्तर दिलं ते वीस वर्षांच्या एका पोरानं. नाव, थिओडोर फॉन ग्रोटहुस.

आज हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलचं संशोधन करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये गेलात, तर हे नाव दिवसातून चार वेळा ऐकू येईल. घट्ट, कोरड्या स्फटिकातून प्रोटॉन कसा पळतो हे सांगायचं असलं की शास्त्रज्ञ म्हणतात, ग्रोटहुस मेकॅनिझम. गंमत अशी की, ज्याच्या नावाने हे चालतं त्याने आयुष्यात प्रोटॉन हा शब्दच ऐकला नव्हता. तो गेला १८२२ मध्ये, आणि प्रोटॉनला प्रोटॉन हे नाव मिळालं १९२० मध्ये.

तर हा गडी नेमका होता कोण?

ग्रोटहुस घराणं म्हणजे बाल्टिक भागातले जर्मन बोलणारे जमीनदार. त्यांची जहागीर गेडुट्झ नावाच्या गावी होती. हे गाव आज उत्तर लिथुआनियात येतं, लॅटव्हियाच्या सीमेला लागून. आई-वडील प्रवासात असताना २० जानेवारी १७८५ ला जर्मनीतल्या लाइपझिग शहरात पोरगा जन्मला. बाप्तिस्म्यात नाव ठेवलं ख्रिश्चन योहान डिट्रिश. थिओडोर हे नाव त्याने नंतर स्वतःच लावून घेतलं.

वडील संगीतातले दर्दी. थोरल्या बाख यांचा मुलगा सी. पी. ई. बाख हा त्या काळातला मोठा संगीतकार. त्याने वर्षानुवर्षं जपलेलं आपलं लाडकं क्लॅविकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीच्या पिढीतलं वाद्य, १७८१ मध्ये या ग्रोटहुस साहेबांना दिलं. देताना त्याला इतकं वाईट वाटलं की त्या वाद्याचा निरोप घेणारी एक रचनाच त्याने लिहिली. संगीताच्या इतिहासात ग्रोटहुस हे आडनाव येतं ते या वडिलांमुळे.

पण थिओडोर तान्हा असतानाच, १७८६ मध्ये, वडील गेले. आईने पोराला गेडुट्झलाच वाढवलं, घरीच शिक्षक ठेवून शिकवलं. तो दहा वर्षांचा असताना पोलंड-लिथुआनियाचं राज्य नकाशावरून गायब झालं आणि हा सगळा मुलूख रशियाच्या झारकडे गेला. म्हणजे जन्म जर्मनीत, भाषा जर्मन, घर लिथुआनियात आणि कागदोपत्री रशियन. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच कागदाने त्याचा रस्ता बदलला.

१८०३ मध्ये तो शिकायला लाइपझिगला गेला. तिथे मन रमलं नाही, मग गाठलं पॅरिस. त्या काळात केमिस्ट्री शिकायची तर पॅरिसच. बेर्तोले, फुरक्रुआ, वोक्लाँ अशी नुसती नावं घेतली तरी पुरे, अशी माणसं तिथे शिकवत होती. पण तिकडे नेपोलियन आणि झार यांच्यात बिनसलं. रशियाचा प्रजाजन असलेल्या पोराला पॅरिसमध्ये राहणं अवघड झालं. त्याने बॅग भरली आणि इटली गाठली. आधी नेपल्स, मग रोम.

आता जरा त्या काळच्या विज्ञानाकडे बघू.

१८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने जगातली पहिली बॅटरी जाहीर केली. वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजवलेले तुकडे आणि या सगळ्याची एकावर एक उतरंड. त्याच वर्षी लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी त्या उतरंडीच्या तारा पाण्यात सोडल्या आणि वर सांगितलेला प्रयोग पहिल्यांदा झाला. बुडबुडे सगळ्यांनी बघितले. पण हायड्रोजन इकडे आणि ऑक्सिजन तिकडे का, हे कुणाला सांगता येईना. काहींनी तर पाणी दोन गोष्टींचं बनलेलंच नाही असं म्हणायला सुरुवात केली. पाण्यात एका प्रकारची वीज मिसळली की हायड्रोजन होतो आणि दुसऱ्या प्रकारची मिसळली की ऑक्सिजन, असा त्यांचा दावा होता. म्हणजे पाणी संयुग आहे, हा नुकताच जिंकलेला डावच उलटायची पाळी आली.

ग्रोटहुस रोममध्ये बसून याच प्रयोगात गुंतला होता. धातूचे क्षार विरघळवलेल्या पाण्यात तारा सोडल्या की एका तारेवर धातूच्या फांद्या फुटतात, झाडासारख्या, हेही तो बघत होता. आणि त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली.

ऑक्सिजनला कुठे जायचीच गरज नाही.

हे समजायला आपण स्लॅब टाकायच्या कामावर जाऊ. खाली मिक्सर, वर छत आणि मधे माणसांची रांग. आता कल्पना करा की रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आधीच एक भरलेलं घमेलं आहे. खालच्या माणसाच्या हातात एक जादा घमेलं आलं की तो हातातलं पुढच्याला देतो, पुढचा त्याच्यापुढच्याला. क्षणभरात वरच्या टोकाचं घमेलं छतावर पडतं. छतावर पडलेलं घमेलं आणि खाली आलेलं घमेलं एकच नाही. कुणी जागचं हललंही नाही. तरी खालून एक आलं आणि वर एक पोचलं.

ग्रोटहुसने पाण्याबद्दल हेच म्हटलं. एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत पाण्याच्या कणांची रांग लागलेली आहे. प्रत्येक कणात हायड्रोजनकडे धन टोक, ऑक्सिजनकडे ऋण टोक. छोट्या छोट्या बॅटऱ्याच जणू, व्होल्टाच्या उतरंडीसारख्या. रांगेच्या एका टोकाला हायड्रोजन सुटला की मागे एकटा पडलेला ऑक्सिजन शेजारच्या कणातला हायड्रोजन धरतो. त्या शेजाऱ्याचा ऑक्सिजन त्याच्या शेजाऱ्याचा धरतो. असं जोड्या बदलत बदलत दुसऱ्या टोकाला एक ऑक्सिजन उरतो आणि बुडबुडा होऊन निघून जातो. मधे फक्त अदलाबदल. म्हणून मधे काही दिसत नाही.

हे त्याने १८०५ मध्ये रोममध्ये फ्रेंच भाषेतल्या छोट्या पुस्तिकेत छापलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या नामांकित केमिस्ट्री नियतकालिकात ते आलं आणि युरोपभर वाचलं गेलं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या वेळी पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन आणि ऑक्सिजनचा एक, हे ठरलेलं नव्हतं. डाल्टनचं अणूंवरचं पुस्तक यायला तीन वर्षं बाकी होती. इलेक्ट्रॉन सापडायला जवळपास शतक. हातात जवळजवळ काहीच नसताना त्याने रांगेचं चित्र काढलं, आणि आपल्याला तरी यातली खरी करामत हीच वाटते.

१८०६ मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने लंडनच्या रॉयल सोसायटीत विजेवर एक गाजलेलं व्याख्यान दिलं. त्यातली मांडणी ग्रोटहुसच्या विचाराशी बरीच जुळणारी होती. डेव्ही मोठा माणूस, मोठं व्यासपीठ. नेपोलियनने ठेवलेलं विजेच्या संशोधनाचं बक्षीसही, दोन देशांत युद्ध चालू असताना, डेव्हीच्याच नावावर झालं. ग्रोटहुसचं पुस्तक आधीचं होतं, पण गाजावाजा डेव्हीचा झाला.

थोडा काळ परत पॅरिसमध्ये काढून १८०८ मध्ये ग्रोटहुस गेडुट्झला परतला. वय तेवीस. आणि मग उरलेलं बहुतेक आयुष्य त्याने तिथेच काढलं.

विचार करा. पॅरिसच्या लॅब बघून आलेला माणूस एका खेड्यात बसलाय. त्याला विद्यापीठाची नोकरी कधीच नव्हती. उपकरणं तुटपुंजी, बोलायला शास्त्रज्ञ शेजारी नाही, नवी मासिकं येणार ती घोडागाडीच्या टपालाने. १८१२ मध्ये नेपोलियनची एक फौज रीगाकडे जाताना या मुलखातूनच गेली. अशा ठिकाणी बसून हा माणूस प्रयोग करत राहिला. पेटणाऱ्या वायूंची मिश्रणं, आजूबाजूच्या झऱ्यांचं खनिजयुक्त पाणी, जे हाताशी येईल ते.

आणि याच खेड्यातून त्याने दुसरा मोठा डाव टाकला. या वेळी विषय होता प्रकाश.

त्याच्याकडे लोहाच्या एका संयुगाचं लालभडक द्रावण होतं. उन्हात ठेवलं की त्याचा रंग उडायचा. त्याने वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून बघितला. लाल प्रकाशात रंग फारसा उडेना. निळसर हिरव्या प्रकाशात मात्र भराभर उडाला. द्रावण लाल दिसतं कारण लाल प्रकाश त्यातून सरळ आरपार जातो, तो आत काहीच काम करत नाही. जो प्रकाश द्रावण गिळतं तोच बदल घडवतो. १८१७-१८ च्या सुमारास मिटाऊ म्हणजे आजच्या येल्गावा गावातल्या साहित्य आणि कला मंडळापुढे त्याने हे मांडलं. साहित्य आणि कला मंडळ. जवळपास तेवढीच एक सभा होती.

साहजिकच हे फार लांब पोचलं नाही. पुढे १८४० च्या दशकात अमेरिकेत जॉन ड्रेपरने हाच नियम स्वतंत्रपणे शोधला. बऱ्याच नंतर लोकांना जुने कागद सापडले आणि आज त्याला ग्रोटहुस-ड्रेपर नियम म्हणतात. प्रकाश-रसायनशास्त्राचा पहिला नियम. पानातल्या हरितद्रव्यापासून कॅमेऱ्याच्या जुन्या रोलपर्यंत सगळीकडे तो लागू पडतो.

पण शरीर साथ देत नव्हतं. जुनं दुखणं होतं, वेदना सतत असायच्या, आणि मनही खचत गेलं. त्या काळच्या औषधांत यावर काही नव्हतं. २६ मार्च १८२२ ला गेडुट्झमध्येच त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय सदतीस.

माणूस गेला. कल्पना काही दशकं जगली आणि मग तीही मेली. म्हणजे मारली गेली.

१८५७ मध्ये क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञाने नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. तुमच्या रांगेतले कण जर विजेनेच फोडायचे असतील, तर वीज एका ठरावीक जोराची होईपर्यंत काहीच वाहायला नको. पण प्रत्यक्षात अगदी नाममात्र जोर लावला तरी द्रावणातून थोडा प्रवाह जातोच. म्हणजे सुटे कण आधीपासून पाण्यात फिरत असले पाहिजेत. पुढे १८८० च्या दशकात स्वीडनच्या अऱ्हेनियसने आयनांची कल्पना पक्की केली. मीठ पाण्यात टाकलं की सोडियम आणि क्लोरिन वेगळे होतात आणि आपापले पोहत जातात. रांग नको, घमेली नकोत. ग्रोटहुस इतिहासाच्या पानात जमा.

तरी एक आकडा काही केल्या बसत नव्हता.

सगळे आयन पाण्यात पोहतात तर त्यांचे वेग साधारण एका पट्ट्यात यायला हवेत. पण आम्लातला हायड्रोजन आयन सोडियमच्या जवळपास सातपट वेगाने जातो, पोटॅशियमच्या सुमारे पाचपट. हा गडी पोहत नव्हता, हे उघड होतं.

मग काय करत होता? उत्तर हायड्रोजन आयनाच्या स्वभावात आहे. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन. तो गेला की उरतो नुसता प्रोटॉन. बाकी कुठल्याही आयनाभोवती इलेक्ट्रॉनचं कवच असतं, याच्याभोवती काहीच नाही. आकाराने अणूपेक्षा हजारो पटींनी लहान. असा उघडा प्रोटॉन एकटा राहूच शकत नाही. शेजारी ऑक्सिजन दिसला की तो त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात शिरून बसतो. त्यामुळे पाण्यात तो कायम कुणाच्या तरी कडेवर असतो, आणि प्रवास करायचा तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. एका रेणूने जादा प्रोटॉन घेतला की तो आपल्यातला दुसराच एखादा पुढच्याला देऊन टाकतो.

घमेल्यांची रांग परत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकेक शास्त्रज्ञ या चित्राकडे वळला, आणि १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी पाण्याच्या रचनेवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्याला नीट आकार दिला. या उड्या मारण्याला ग्रोटहुसचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं सांगायचं तर हे नाव थोडं उदार मनाने दिलेलं आहे. त्याच्या मूळ चित्रात पाण्याचा प्रत्येक कण फुटत होता आणि जादा प्रोटॉन असा कुणी नव्हताच. पण वस्तू स्वतः न जाता हातोहात पोचते, हा गाभा त्याचाच.

आता येऊ स्फटिकांकडे. कारण त्याच्या कल्पनेची खरी परीक्षा तिथे झाली.

पाण्यात तुम्ही म्हणू शकता की काही प्रोटॉन पोहतही असतील. पण स्थायू स्फटिकात पोहायला जागाच नाही. प्रत्येक अणू आपल्या जागेवर खिळलेला. तिथून प्रोटॉन गेला तर तो उड्या मारतच गेला असणार.

बर्फ घ्या. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार शेजारी आणि दोन शेजाऱ्यांच्या मधे एक हायड्रोजन, अशी कडक शिस्त असते. जादा प्रोटॉन आला की तो उड्या मारत रांगेतून निघून जातो. पण एकदा तो गेला की त्या रांगेतले सगळे रेणू उलट्या बाजूला तोंड करून बसतात. दुसरा प्रोटॉन त्याच वाटेने आता जाऊ शकत नाही.

आपल्या स्लॅबवर हेच होतं बघा. घमेलं पुढच्याला दिलं की माणूस वर तोंड करून उभा असतो. पुढचं घ्यायचं तर त्याला परत खाली वळावं लागतं. वळलाच नाही तर काम ठप्प. स्फटिकातही प्रत्येक रेणूला वळावं लागतं. बर्फात हे वळणं होतं ते रचनेतल्या बारीक चुकांमुळे. कुठे दोन रेणूंच्या मधे हायड्रोजनच नाही, तर कुठे चुकून दोन. डेन्मार्कच्या निल्स ब्येरुमने १९५० च्या सुमारास या चुका दाखवून दिल्या. शुद्ध बर्फात त्या फार कमी असतात, म्हणून बर्फ प्रोटॉनचा वाहक असला तरी अगदीच मंद.

म्हणजे स्फटिकातून प्रोटॉन पळवायचा तर उडी आणि वळण दोन्ही सोपं पाहिजे.

१९८२ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांना असा स्फटिक सापडला. सीझियम हायड्रोजन सल्फेट. दिसायला मिठासारखा. साध्या तापमानाला त्याचे सल्फेट गट जागच्या जागी जखडलेले असतात. पण तापवत साधारण १४१ अंश सेल्सिअसला नेला की स्फटिकाची मांडणी बदलते आणि हे गट भिंगरीसारखे फिरायला लागतात, सेकंदाला अब्जावधी वेळा. स्फटिक वितळलेला नसतो, हातात घेतला तरी घट्टच. पण आत प्रत्येक मजूर गरागरा फिरतोय. प्रोटॉन वाहून नेण्याची क्षमता एका झटक्यात हजारपटीहून जास्त वाढते.

दुसरी वाट जपानमधून आली. १९८१ मध्ये हिरोयासु इवाहारा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्ट्रॉन्शियम सीरेट नावाच्या सिरॅमिकमधूनही प्रोटॉन जातो. नवलाची गोष्ट म्हणजे या पदार्थात मुळात हायड्रोजन नसतोच. त्यात मुद्दाम थोडी भेसळ करतात, त्यामुळे काही ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पडतात. मग गरम वाफ सोडली की वाफेतला ऑक्सिजन त्या रिकाम्या जागी बसतो आणि त्याच्यासोबत आलेले प्रोटॉन आसपासच्या ऑक्सिजनला धरून राहतात. पुढे तेच. प्रोटॉन ऑक्सिजनभोवती वळतो, शेजारचा ऑक्सिजन थरथरत जवळ आला की उडी मारतो. मात्र हे सगळं सहाशे अंशांच्या वर नीट चालतं.

याचा उपयोग? फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मधल्या पडद्याने फक्त प्रोटॉन जाऊ द्यायचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून फिरून यावं लागतं आणि तीच आपली वीज. सध्या गाड्यांमध्ये हा पडदा प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो. तो कायम ओला ठेवावा लागतो, म्हणून साधारण शंभर अंशांच्या आतच वापरावा लागतो. स्फटिकाला ओलाव्याची गरज नाही.

२००१ मध्ये अमेरिकेत सोसिना हाइले यांच्या टीमने सीझियमच्या त्या स्फटिकावर चालणारा फ्युएल सेल करून दाखवला. लगेच अडचण आली. स्फटिकातलं गंधक हायड्रोजनशी भांडून खराब व्हायला लागलं. तीन वर्षांनी त्यांनी गंधकाच्या जागी फॉस्फरस असलेला भाऊबंद आणला. तो जास्त टिकला, पण त्याला लागतात २३० अंशांच्या वरचं तापमान आणि थोडी वाफ. शिवाय हे दोन्ही स्फटिक पाण्यात विरघळतात, आणि फ्युएल सेलमध्ये वीज तयार होताना पाणीच बनतं. मशिन बंद करून थंड झालं की आतलं पाणी पडद्यालाच खाऊ शकतं.

सिरॅमिकवाल्यांची डोकेदुखी वेगळी. बेरियम झिर्कोनेट नावाचा त्यांचा लाडका पदार्थ मजबूत आहे आणि एका दाण्याच्या आत प्रोटॉन झकास पळवतो. पण सिरॅमिक म्हणजे असे असंख्य दाणे एकमेकांना चिकटलेले. एका दाण्यातून दुसऱ्यात जाताना सीमेवर प्रोटॉन अडतो, कारण तिथे रांग तुटलेली असते. ती सीमा पातळ कशी करायची किंवा दाणे मोठे कसे वाढवायचे, यावर आजही जगभरच्या लॅबमध्ये भट्ट्या पेटलेल्या आहेत.